औषधाचा भाव आणि दुसरी वाट



ज्या शाळेत पाटी-दप्तर घेऊन बसलो, त्याच शाळेत व्याख्यानासाठी उभे राहण्याचा योग आला, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. माझा विषय पुढे इतिहास झाला. गुरुजी थट्टेने म्हणत, की इतिहासवाल्यांना आकडे दिसले की ते सनावळी समजून पुढे जातात. आज मी त्यांच्याच आकड्यांवर बोलणार आहे, तेव्हा ही चूक तरी माझ्या हातून होऊ नये.

गुरुजी गेल्यानंतर त्यांच्या स्नुषेने, आमच्या वहिनींनी, एक चोपडी माझ्या हाती दिली. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानदाराकडे असते तशी. गुरुजींना मधुमेह होता. १९७९ पासून घरात आलेल्या प्रत्येक औषधाची नोंद त्यांनी या चोपडीत केली होती. तारीख, औषधाचे व्यापारी नाव, वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ द्रव्याचे नाव, गोळ्यांची संख्या, दिलेली रक्कम आणि शेवटच्या रकान्यात दर गोळीमागे पडलेला भाव, दशांश तीन स्थळांपर्यंत. २०१३ नंतर अक्षर बदलते. पुढची वही वहिनींनी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी चालू ठेवली आहे.

एका घरच्या वहीवरून देशाचे गणित मांडू नये, हे गुरुजींनीच शिकवलेले. म्हणून तिच्यातील रकमा मी येथे वाचून दाखवणार नाही. परंतु वहीला एक आकार आहे. भाव ओढ्यासारखा संथ चढत नाही. तो काही वर्षे एका पायरीवर थांबतो, मग एकाएकी पुढच्या पायरीवर जातो. क्वचित कोसळतोही. या पायऱ्या कुठून आल्या, हे शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले, की त्यांतील बहुतेक पायऱ्या कारखान्यात घडलेल्या नाहीत. त्या कायद्यात घडल्या आहेत. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पायऱ्यांचा इतिहास आहे.

१. माळव्यातील जुना धडा

प्रारंभ आपल्याच मातीपासून करतो. औषधाच्या भावाचा पहिला मोठा धडा माळव्याने जगाला दिला, आणि तो अफूचा धडा आहे. अफू हे औषध होते आणि विषही होते. आपल्या शेतांतून गेलेल्या अफूने चीनमध्ये काय अनर्थ केला, हे विसरून तिच्याबद्दल बोलता येणार नाही. परंतु भाव कसा बनतो, हे समजण्यासाठी तिच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकर संस्थान इंग्रजांच्या छत्राखाली आले. बंगालमध्ये अफूची मक्तेदारी कंपनी सरकारच्या हाती होती. माळव्यात मात्र पीक संस्थानांचे आणि व्यापार सावकारांचा. कंपनीने संस्थानांशी करार करून हा व्यापार आपल्या मुठीत घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण माल दुसऱ्या वाटेने जाऊ लागला. मारवाडातील पाली, पुढे जैसलमेरचे वाळवंट, तेथून सिंधमधील कराची आणि समुद्रमार्गे पोर्तुगीजांचे दमण, अशी ती लांबची वाट होती. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हट्ट सोडला आणि परवान्याची पद्धत आणली. ठरलेली रक्कम भरा आणि माल सरळ मुंबईला न्या. ही रक्कम आरंभी पेटीमागे १७५ रुपये होती. तरीही माल कराचीकडेच वळतो असे दिसल्यावर १८३५ मध्ये ती १२५ रुपयांवर उतरवावी लागली.

१८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी परवान्याचा दर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००, आणि १८६१ मध्ये तो ७०० रुपयांवर पोहोचला. चीनमधील मागणी वाढली, हेही त्याचे कारण होते. परंतु अफू तीच, शेत तेच, चीक काढणारे हातही तेच असताना दर पाच पटींहून अधिक वाढला, तो मुख्यतः दुसरी वाट उरली नाही म्हणून.

ही गोष्ट मनात ठेवा. पुढे जे सांगायचे आहे ते तिचाच विस्तार आहे. औषध बनवायला किती खर्च येतो, याने भावाची खालची मर्यादा ठरते. वरची मर्यादा ठरते ती घेणाऱ्याला दुसरी वाट आहे की नाही, यावरून.

२. एका गोळीचा खटला

गुरुजींच्या आजारावर एके काळी टॉल्ब्युटामाइड नावाच्या द्रव्याची गोळी सर्रास दिली जाई. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीची ही गोळी 'रॅस्टिनॉन' या नावाने प्रसिद्ध होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील संशोधकांनी हेच द्रव्य तयार करण्याची एक कृती बसवली आणि तिच्या आधारे मुंबईचीच युनिकेम ही कंपनी गोळ्या करू लागली. हेक्स्टने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १९६८ मध्ये निकाल परदेशी कंपनीच्या बाजूने लागला.

न्यायाधीशांना दोष देण्याचे कारण नाही. कायदाच तसा होता. १९११ चा पेटंट कायदा इंग्रजी राज्याने केलेला. त्याखाली शोधकाला सोळा वर्षांची मक्तेदारी मिळे आणि औषधाच्या बाबतीत तिचे कुंपण इतके रुंद पडे, की त्याच द्रव्याकडे वेगळ्या कृतीने जाणाऱ्यालाही ते ओलांडणे अवघड होई. स्वातंत्र्यानंतर आधी न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्याकडे या कायद्याचा विचार सोपवण्यात आला. अय्यंगारांचा अहवाल १९५९ चा. भारतातील बहुतेक पेटंटे परदेशीयांच्या नावे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य या देशात वापरलीही जात नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कारखाना नाही, माल बाहेरून येणार, आणि इतरांनी तो बनवायचा नाही. कराचीची वाट बंद करण्याचाच हा कागदी प्रकार होता.

परिणाम काय झाला, ते बाहेरच्यांनीच सांगितले. अमेरिकेत सिनेटर केफॉवर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची दीर्घ चौकशी केली. तिच्या १९६१ च्या अहवालात म्हटले होते, की प्रतिजैविकांच्या बाबतीत भारत हा जगातील सर्वांत महाग देशांपैकी एक आहे. ज्या देशातील माणसाचे उत्पन्न सर्वांत कमी, त्याच देशात औषध सर्वांत महाग, असा हा हिशेब होता.

या काळात पिंपरीला वेगळे काही घडत होते, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. १९६१ मध्ये आय.डी.पी.एल. ही दुसरी सरकारी कंपनी निघाली. औषध आपण बनवू शकतो, हा आत्मविश्वास या कारखान्यांनी दिला. तेथे तयार झालेली माणसे पुढे खासगी कारखान्यांत गेली आणि ज्ञान पसरले. आज या संस्थांची रया गेलेली आहे, म्हणून त्यांचे ऋण फिटले असे होत नाही.

३. वाट उघडली

किमतींवरील पहिला सरकारी लगाम युद्धातून आला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आणीबाणीच्या अधिकारांखाली किमती जाहीर करण्याचा हुकूम निघाला आणि १९६३ मध्ये औषधांचे भाव त्या वर्षीच्या १ एप्रिलच्या पातळीवर गोठवण्यात आले. पुढे १९७० मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश आला.

त्याच वर्षी संसदेने नवा पेटंट कायदा केला. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या कायद्याने औषधाच्या द्रव्यावर पेटंट देणे बंद केले. फक्त ते बनवण्याच्या कृतीवर पेटंट मिळेल, आणि तेही अर्जापासून सात वर्षे किंवा मंजुरीपासून पाच वर्षे, यांतील जी मुदत कमी असेल तेवढेच. शब्द थोडे होते, पण त्यांनी इतिहास बदलला. डोंगरमाथ्यावरील देवळाचा एक जिना कोणी बांधला असेल, तर त्या जिन्यावर त्याचा हक्क राहील. देवळावर नाही. दुसऱ्याने दुसरा जिना बांधावा.

आणि जिने बांधले गेले. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेली सिप्ला, तसेच इतर अनेक कंपन्या परदेशात नव्याने निघालेली औषधे स्वतःच्या कृतीने करू लागल्या. एका औषधाला दहा-वीस उत्पादक झाले. ज्या देशाला १९६१ मध्ये सर्वांत महाग म्हटले गेले, तो पुढच्या काही दशकांत सर्वांत स्वस्त देशांमध्ये गणला जाऊ लागला. याची पराकाष्ठा फेब्रुवारी २००१ मध्ये दिसली. एड्सवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला बड्या कंपन्या वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. युसुफ हमीद यांनी 'सीमेविना डॉक्टर' या संस्थेला तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरांना देऊ केले. आफ्रिकेतील लक्षावधी माणसांपुढे जगण्याची वाट उघडली. ती उघडण्याची शक्ती १९७० च्या त्या कायद्याने दिली होती.

दुसऱ्या बाजूला किंमत नियंत्रण चालू होते. १९७९ च्या आदेशाची रीत अशी : कच्चा माल, तयार करण्याचा खर्च आणि वेष्टन यांची बेरीज करायची. त्यावर ठरावीक टक्के वाढ धरायची. जाहिरात, वितरण, दुकानदाराचे कमिशन आणि नफा हे सर्व त्या वाढीतून भागवायचे. वाढीची मर्यादा औषधाच्या गरजेनुसार ४०, ५५ किंवा १०० टक्के असे. अशा नियंत्रणाखाली ३४७ द्रव्ये होती. १९८७ मध्ये ती १४२ झाली आणि वाढ ७५ किंवा १०० टक्के. १९९५ मध्ये द्रव्ये उरली ७४ आणि वाढ सर्वांना १०० टक्के. ३४७, १४२, ७४. गुरुजींनी ही श्रेढी फळ्यावर लिहून पुढचे पद विचारले असते.

ज्या वर्षी एखादे द्रव्य यादीतून सुटे, त्यानंतरच्या काळात वहीत नवी पायरी दिसते. हा केवळ आमच्या घरचा अनुभव नव्हे. पुण्याच्या आरोग्य दक्षता मंडळाचे विश्वास राणे यांनी वर्षानुवर्षे व्यापारी नावांच्या औषधांचे भाव ताडून पाहिले आणि त्यावर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सातत्याने लिहिले. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर यांची पाहणी केली. ज्याला आपण कंटाळवाणे काम म्हणतो, तेच या कार्यकर्त्यांनी चिकाटीने केले, म्हणून हा इतिहास लिहिता येतो.

४. नावाचे मोल

येथे एक कोडे उभे राहते. एकाच द्रव्याला वीस उत्पादक असतील तर भाव खाली यावा. घाऊक बाजारात तो आलाही. इंदूरच्या दवा बाजारात चौकशी केली तर हे कळते. तरीही रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीचा भाव खाली येईलच असे नाही. उलट पुष्कळदा सर्वांत जास्त खपणारी गोळी हीच महागड्यांपैकी एक असते. दुसरी वाट आहे, पण तिच्याकडे कोणी वळत नाही. असे का?

कांदे घेताना आपणच निवडतो, आपणच पैसे देतो आणि आपणच खातो. औषधाच्या बाबतीत निवडतात डॉक्टर, पैसे देतो मुलगा आणि गोळी घेतात वडील. ज्याने निवडायचे त्याच्या खिशाला झळ नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला निवड नाही. म्हणून कंपनीची सारी धडपड डॉक्टरांच्या मनावर एक नाव कोरण्यासाठी असते. पेटंटची मुदत संपते. नावाची मुदत कधीच संपत नाही.

हे ओळखून जयसुखलाल हाथी यांच्या समितीने एप्रिल १९७५ च्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत, अशी शिफारस केली. सहा वर्षांनी, १९८१ मध्ये, अवघ्या पाच औषधांपुरती सुरुवात झाली : अॅनाल्जिन, अॅस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट आणि पायपराझिन. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ती अधिसूचना टिकली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावे असा नियम काढला. त्याच महिन्यात त्याला स्थगिती मिळाली. अठ्ठेचाळीस वर्षांत प्रश्न जागचा हलला नाही.

औषधविक्रेत्याने स्वतः स्वस्त पर्याय द्यावा, असे आपल्याला वाटेल. परंतु १९४५ च्या औषध नियमावलीप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत, चिठ्ठीवरील नावाऐवजी दुसरे नाव देण्याची त्याला मुभा नाही. दोन गोळ्या एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतात. द्रव्य एक, मात्रा एक, भाव निराळे. मधली दोन बोटांची वाट रुग्णाला ओलांडता येत नाही.

५. वहीतील वजाबाकी

मित्रहो, आता मी जे सांगणार आहे ते सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. वहिनींची संमती घेऊनच सांगतो आहे.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी गुरुजींची वही दोनदा वाचली. पहिल्या वेळी भावाचा रकाना पाहिला. दुसऱ्या वेळी तारखा पाहिल्या. गुरुजींना दिवसाला एक गोळी सांगितलेली होती. दहा गोळ्यांची पट्टी दहा दिवस पुरावी. अनेक वर्षे ती तशी पुरत होती. १९९६ च्या पावसाळ्यात त्यांची गोळी बदलली. नव्या नावाची गोळी महाग होती. आणि त्या वर्षीच्या दिवाळीपासून दोन खरेद्यांमधले अंतर दहा दिवसांऐवजी वीस दिवसांचे झाले आहे.

मी वजाबाकी पुन्हा केली. कदाचित दुसरीकडून गोळ्या आणल्या असतील, म्हणून इतर पाने चाळली. तसे काही नव्हते. ज्या माणसाने आम्हांला दशांशाचे एक स्थळ चुकले तरी पुन्हा उदाहरण सोडवायला लावले, तो माणूस दीड वर्ष अर्धी गोळी घेत होता, किंवा दिवसाआड एक. निवृत्तिवेतन ठरलेले, धाकट्याचे शिक्षण चालू. त्यांनी बेरजेच्या जागी वजाबाकी केली आणि ती कोणाला दाखवली नाही. १९९८ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी गोळीचे नाव बदलून दिले. त्या ओळीपुढे बारीक अक्षरांतील द्रव्याचे नाव गुरुजींनी पेन्सिलीने अधोरेखित केले आहे, कारण ते मागच्याच गोळीचे होते. भाव निम्म्याहून कमी. तेथून पुढे पट्टी पुन्हा दहा दिवस पुरू लागते.

त्या दीड वर्षाने त्यांच्या प्रकृतीचे काय नुकसान केले, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या काळात मी दर दिवाळीला इंदूरहून देपालपूरला येत असे. गुरुजींना नमस्कार करून मित्रांबरोबर हिंगोट पाहायला गौतमपुऱ्याला जात असे. प्रकृती कशी आहे असे विचारी, आणि ते "उत्तम" म्हणत. मी इतिहासाचा विद्यार्थी. पुरावा समोर खुर्चीवर बसला होता आणि मी तो वाचला नाही.

किमतीचा इतिहास म्हणजे आकड्यांचा इतिहास नव्हे, असे मी म्हणतो, ते यामुळे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी थांबलेला असतो.

६. पुन्हा कुंपण, आणि त्यातील दारे

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या बौद्धिक संपदेच्या करारानुसार आपल्याला पेटंट कायदा बदलावा लागला. १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन दुरुस्त्या झाल्या आणि १ जानेवारी २००५ पासून औषधी द्रव्यावर पुन्हा पेटंट मिळू लागले. मुदत वीस वर्षे. देऊळ पुन्हा कुंपणात गेले.

परंतु १९११ आणि २००५ यांत फरक आहे. या वेळी संसदेने कुंपणात दारे ठेवली. पहिले दार कलम ३(ड) चे. जुन्या द्रव्याचे केवळ नवे रूप आणले आणि गुणात वाढ दाखवता आली नाही, तर नवे पेटंट मिळणार नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम उचलून धरले. त्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळत होते.

दुसरे दार सक्तीच्या परवान्याचे. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून या देशातील असा पहिला परवाना दिला गेला. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्सावार या औषधासाठी बायर कंपनी महिन्याला २,८०,४२८ रुपये घेत होती. हैदराबादच्या नॅट्को कंपनीला तेच औषध ८,८०० रुपयांना विकण्याची परवानगी मिळाली आणि मूळ कंपनीला स्वामित्वधन ठरवून दिले. एकतिसाव्या हिश्श्याहून कमी भाव. हे दार त्यानंतर आजवर दुसऱ्या औषधासाठी उघडलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

किंमत नियंत्रणाची रीतही २०१३ मध्ये बदलली. यादी वाढली, अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील ३४८ औषधे नियंत्रणाखाली आली. हे स्वागतार्ह होते. पण मोजपट्टी बदलली. खर्चाची बेरीज गेली आणि बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या सर्व नावांच्या भावांची सरासरी आली. तिच्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे, ही कमाल किंमत. गुरुजींनी विचारले असते : सर्वांनीच भाव चढवून ठेवला असेल, तर सरासरी उतरणार कशी?

वहिनींच्या वहीत आता एप्रिल महिन्याला महत्त्व आले आहे. घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे यादीतील औषधांची कमाल किंमत दर एप्रिलमध्ये बदलते. २०२२ मध्ये ती १०.७७ टक्के वाढवता आली, २०२३ मध्ये १२.१२ टक्के, आणि २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. यादीबाहेरच्या औषधांना मात्र दर बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत भाव वाढवण्याची मुभा आहे. चक्रवाढीचे उदाहरण सोडवून पाहा. दर वर्षी दहा टक्के म्हणजे आठ वाढींनंतर दुपटीहून अधिक.

७. स्वस्त म्हणजे चांगले का?

येथे प्रामाणिक डॉक्टर एक प्रश्न विचारतात आणि तो टाळता येणार नाही. नाव सोडून स्वस्ताच्या मागे लागलो, तर दर्जाची हमी कोण देणार? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध खरेदीतील आणि तपासणीतील सडलेला कारभार उघडा पाडला. त्या आठवणीने स्वस्ताची भीती वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. विषारी द्रव्य तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. त्या बाटलीवर व्यापारी नाव ठळक छापलेले होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ते होते. तेव्हा नाव ही दर्जाची हमी नव्हे आणि स्वस्ताई हा दोष नव्हे. हमी देते ती प्रयोगशाळेतील तपासणी आणि वेळेवर जागा होणारा निरीक्षक. १९८३ पासून बडोद्याची 'लोकॉस्ट' ही संस्था मूळ नावाची, तपासलेली औषधे अल्प किमतीत बनवीत आली आहे. तामिळनाडूने १९९५ पासून सरकारी रुग्णालयांसाठी एकत्र खरेदी आणि तपासणी यांची चोख व्यवस्था बसवली. स्वस्त आणि चांगले एकत्र नांदू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

८. समारोप

देपालपूरहून बेटम्यावरून पीथमपूरला जाता येते. तेथे आणि पलीकडे रतलामला औषधांचे मोठे कारखाने आहेत. त्यांतून निघालेल्या गोळ्या समुद्रापार जातात आणि तेथील माणसांना आपल्या देशातील महागड्या नावांना पर्याय मिळतो. जगाला दुसरी वाट दाखवणारे कारखाने आपल्या उशाशी आहेत, आणि आपल्या गावातील एक निवृत्त शिक्षक अर्धी गोळी घेत होता. १८४३ मध्ये वाट बंद करणारे परके होते. आज जी बंद आहे, ती पुष्कळ अंशी आपल्या न विचारण्याने बंद आहे.

काही दारे उघडी आहेत. मध्य प्रदेशात सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे देण्याची योजना २०१२ मध्ये सुरू झाली. २००८ मध्ये आरंभ झालेल्या जन औषधी योजनेची दुकाने आता देशभर दहा हजारांहून अधिक आहेत. ती पुरेशी आहेत, तेथे सर्व औषधे सदैव मिळतात, असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांना नम्रपणे विचारता येते, "साहेब, याचे मूळ नाव लिहून द्याल का? याच द्रव्याची कमी किमतीची गोळी चालेल का?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. १९९८ मध्ये एका डॉक्टरांनी न विचारताच तो सोडवला होता.

शाळेपाशी माझे एकच मागणे आहे. आठवी-नववीच्या गणितात नफा-तोटा आणि चक्रवाढ शिकवताना दुधात पाणी मिसळणाऱ्या गवळ्याला थोडी विश्रांती द्यावी. मुलांना घरून औषधाच्या रिकाम्या पट्ट्या आणायला सांगाव्यात. ठळक अक्षरांतील नाव सोडून बारीक अक्षरांतील नाव वाचायला लावावे आणि दर गोळीचा भाव काढायला लावावा. दोन मुलांच्या पट्ट्यांवरील द्रव्य एकच निघाले आणि भाव निराळे निघाले, तर ती मुले घरी जाऊन प्रश्न विचारतील. आणि एक गोष्ट आवर्जून करायला सांगावी, जी मी केली नाही. घरात वडीलधाऱ्या माणसांची पट्टी किती दिवस पुरते, तेही मोजावे.

गुरुजींची वही वहिनींनी शाळेच्या ग्रंथालयाला देण्याचे मान्य केले आहे. तिची शेवटची काही पाने कोरी आहेत.